खासगी स्वारी आणि सरकारी दस्त

मे २०२० मध्ये व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर होड्यांतून उतरू पाहणारी काही डझन सशस्त्र माणसे मारली गेली किंवा पकडली गेली, तेव्हा पकडलेल्यांत अमेरिकी सैन्याच्या विशेष दलांतून निवृत्त झालेले दोघे असल्याचे आणि या स्वारीमागे फ्लोरिडातील एक खासगी सुरक्षा कंपनी असल्याचे उघड झाले. त्यानंतर झालेल्या चर्चेत हा प्रकार काही आततायी माणसांचे फसलेले साहस ठरवण्यात आला, अमेरिकी शासनाने आपला त्याच्याशी प्रत्यक्ष संबंध नसल्याचे सांगितले, आणि पूर्वज म्हणून १८५६ मध्ये निकाराग्वाचा राष्ट्राध्यक्ष होऊन बसलेल्या विल्यम वॉकर या अमेरिकी माणसाचे नाव अनेकांच्या तोंडी आले. या तुलनेत वॉकर येतो तो स्वप्नाळू, काहीसा भ्रमिष्ट, जिद्दी आणि शेवटी एकाकी मरणारा साहसवीर म्हणून. त्याच्याकडे होती ती फक्त हिंमत, आणि कमी पडले ते नशीब, असा त्या वर्णनाचा सूर असतो. व्हेनेझुएलाच्या प्रकरणात मात्र होड्या निघण्याच्या कितीतरी आधी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, कंपनी आणि तेथील विरोधी पक्षाचे प्रतिनिधी यांच्यात वीस कोटी डॉलरहून अधिक मोबदल्याचा लेखी करार झाला होता, ही गोष्ट साहसाच्या कथेत गौण ठरली. तो करार पुढे सोडून दिल्याचे विरोधकांनी सांगितले. परंतु अशा स्वारीला आधी कागद का लागतो, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. वॉकरच्या आयुष्याचा अर्थ याच प्रश्नापाशी आहे, आणि साहसवीर ही उपाधी तो झाकते.

येथे ज्या कल्पनेचा विचार करायचा आहे तिला खासगी स्वारी म्हणता येईल. एखाद्या देशाच्या नागरिकांनी, आपल्या शासनाचा उघड हुकूम नसताना, ज्या देशाशी आपले युद्ध नाही अशा देशात शस्त्रे घेऊन शिरणे आणि तेथील सत्ता हाती घेण्याचा प्रयत्न करणे, असा तिचा अर्थ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत अशी स्वारी करणाऱ्यांना ‘फिलिबस्टर’ म्हणत. भाडोत्री सैनिकाहून ही कल्पना वेगळी आहे आणि हा भेद सुरुवातीलाच नीट ध्यानात घेतला पाहिजे. मराठी वाचकाला परिचित असलेल्या दख्खनच्या राजकारणात मॅसॅच्युसेट्सचा जॉन पार्कर बॉइड हा अमेरिकी सेनानी १७८९ नंतर वावरला. निजाम, होळकर आणि पेशवे यांच्याकडे त्याने चाकरी केली, पलटण स्वतःच्या मालकीची बाळगली, आणि १८०८ मध्ये मायदेशी परतल्यावर अमेरिकी सैन्यात त्याला सन्मानाने घेण्यात आले. बॉइड आपले बळ भाड्याने देत होता. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्या मुलखाचे कायदे बदलण्याची किंवा तेथील जमीन आपल्या देशबांधवांच्या नावे करण्याची त्याला गरज नव्हती. त्याच्या काळात तलवारीचा हा व्यापार युरोपातही लाजिरवाणा समजला जात नव्हता.

बॉइड हिंदुस्थानात असतानाच त्याच्या मायदेशी या व्यापाराला बांध घालण्याची सुरुवात झाली. १७९३ मध्ये फ्रेंच प्रजासत्ताकाचा वकील जने याने अमेरिकी बंदरांत खासगी लढाऊ जहाजे सज्ज करण्याचा आणि स्पॅनिश मुलखावर स्वाऱ्या काढण्याचा उद्योग मांडला, त्याच वर्षी वॉशिंग्टनने तटस्थतेची घोषणा केली, १७९४ मध्ये तिला कायद्याचे रूप आले, आणि १८१८ मध्ये स्पॅनिश अमेरिकेतील स्वातंत्र्ययुद्धांच्या पार्श्वभूमीवर तो कायदा नव्याने व अधिक काटेकोर बांधण्यात आला. अमेरिकेच्या भूमीवरून मित्रराष्ट्राविरुद्ध लष्करी मोहीम उभारणाऱ्यास तीन हजार डॉलरपर्यंत दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, अशी १८१८ च्या कायद्यातील तरतूद होती. एरन बरचे कटकारस्थान, टेक्सासचे स्वतंत्र होणे आणि १८४५ मध्ये संघराज्यात सामील होणे, नार्सिसो लोपेझच्या क्यूबावरील स्वाऱ्या आणि १८५१ मध्ये हवानात त्याचा झालेला शेवट, हा सारा पट सुपरिचित आहे. त्यातील एवढेच लक्षात ठेवणे पुरेसे आहे की टेक्सासच्या उदाहरणाने एका पिढीला एक क्रम शिकवला: आधी वसाहतकरी म्हणून जायचे, मग शस्त्र उचलायचे, मग प्रजासत्ताक जाहीर करायचे आणि शेवटी मान्यता मिळवायची.

वॉकर हा त्या पिढीचा. नॅशव्हिल येथे १८२४ मध्ये जन्म, कोवळ्या वयात वैद्यकीची पदवी, नंतर वकिली, नंतर न्यू ऑर्लिन्स आणि सॅन फ्रान्सिस्कोत पत्रकारिता, हा त्याचा पूर्वार्ध चरित्रकारांनी चवीने सांगितलेला आहे. १८५३ मध्ये मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियावर उतरून त्याने एक प्रजासत्ताक जाहीर केले, पुढे त्याला सोनोराचे नाव दिले, आणि १८५४ मध्ये उपाशी, फाटक्या सोबत्यांसह सरहद्द ओलांडून तो अमेरिकी अधिकाऱ्यांच्या स्वाधीन झाला. सॅन फ्रान्सिस्कोतील पंचांनी तटस्थतेचा कायदा मोडल्याच्या आरोपातून त्याची काही मिनिटांत सुटका केली. त्या अपयशी प्रयोगातील एक गोष्ट मात्र सहसा नजरेतून सुटते: राहण्याखाण्याचे वांधे असताना, ताब्यात जेमतेम एक किनारी गाव असताना, वॉकरने आपल्या प्रजासत्ताकाला लुइझियाना राज्याची कायदेसंहिता लागू केल्याचे जाहीर केले. गुलामगिरीला मान्यता देणारी संहिता म्हणून तिचा उल्लेख होतो आणि तो योग्यच आहे. परंतु सैन्याला भाकरी मिळण्याआधी मुलखाला संहिता मिळाली, हा क्रम वॉकरच्या मनाची घडण अधिक स्पष्ट दाखवतो.

निकाराग्वाच्या निमंत्रणात तीच घडण दिसते. लेऑनचे लोकशाहीवादी आणि ग्रानादाचे सनातनी यांच्यातील यादवीत लोकशाहीवाद्यांचा नेता कास्तेलॉन याने बायरन कोल या अमेरिकी गृहस्थाशी तीनशे माणसे लढायला आणण्याचा करार केला. वॉकरने तो पाहून नाकारला, कारण लढण्यासाठी माणसे भरती करणे १८१८ च्या कायद्याविरुद्ध होते. कोल परत गेला आणि तीच माणसे, तोच प्रदेश आणि तोच हेतू असलेला, परंतु वसाहतीसाठी जमीन देण्याच्या स्वरूपाचा दुसरा दस्त घेऊन आला, ज्यात वसाहतकऱ्यांना शस्त्र बाळगण्याचा हक्क कायम ठेवला होता. हा दस्त वॉकरने सॅन फ्रान्सिस्कोतील सरकारी वकिलाला आणि पॅसिफिक विभागाचा सेनापती जनरल वूल याला दाखवला आणि त्यात बेकायदा काही नसल्याचा निर्वाळा त्यांच्याकडून मिळाल्याचे त्याने पुढे लिहून ठेवले. मे १८५५ मध्ये ‘व्हेस्टा’ नावाच्या जुनाट जहाजातून सुमारे अठ्ठावन्न माणसे निघाली ती कागदोपत्री शेतकरी होती. तटस्थतेचा कायदा मोडून नव्हे, त्याच्या अटी वाचून ही स्वारी निघाली.

पुढील दीड वर्षाच्या लढायांचा वृत्तांत येथे थोडक्यात पुरे. ऑक्टोबर १८५५ मध्ये सरोवरातून जहाजाने जाऊन वॉकरने ग्रानादा घेतले, पात्रिसिओ रिवास याला नामधारी अध्यक्ष केले, सनातनी पक्षाचा सेनापती कोराल याला गोळ्या घातल्या, आणि मे १८५६ मध्ये अध्यक्ष पिअर्स याने रिवास शासनाच्या वकिलाचा स्वीकार करून त्या व्यवस्थेला मान्यता दिली. दरम्यान सान हुआन नदी आणि निकाराग्वा सरोवरातून दोन महासागरांमधील प्रवासी वाहतूक करणाऱ्या कंपनीची सनद त्याने फेब्रुवारीत रद्द केली; न्यूयॉर्कचा धनाढ्य जहाजमालक व्हँडरबिल्ट त्यामुळे त्याचा हाडवैरी झाला. कोस्टा रिकाचा अध्यक्ष हुआन राफाएल मोरा याने युद्ध पुकारले. ११ एप्रिलच्या रिवास गावातील लढाईत वाड्याला आग लावताना मेलेला ढोलवादक हुआन सांतामारिया त्या देशाचा राष्ट्रीय वीर आहे, आणि परतणाऱ्या सैन्याबरोबर गेलेल्या पटकीच्या साथीने त्या चिमुकल्या देशाची सुमारे एक दशांश लोकसंख्या नेली.

जून १८५६ मध्ये रिवासने फारकत घेतली, घाईच्या निवडणुकीत वॉकर निवडून आल्याचे जाहीर झाले आणि १२ जुलैला त्याने अध्यक्षपदाची शपथ घेतली. येथून २२ सप्टेंबरपर्यंतचे दहा आठवडे हाच या इतिहासाचा गाभा आहे, आणि त्याचेच वाचन जवळजवळ सर्वत्र चुकते.

रूढ वाचन असे आहे. २२ सप्टेंबर १८५६ रोजी वॉकरने गुलामगिरी पुन्हा सुरू करणारा हुकूमनामा काढला. मध्य अमेरिकेच्या संघराज्याने १८२४ मध्येच ती रद्द केली होती. एका पक्षाच्या मते त्या दिवशी मुखवटा उतरला आणि अमेरिकेच्या दक्षिणेतील गुलाममालकांसाठी नवा मुलूख मिळवणे हा मूळचा हेतू उघडा पडला. दुसऱ्या पक्षाच्या मते कॅलिफोर्नियात गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करणाऱ्या गटात वावरलेल्या वॉकरने शत्रूंनी घेरल्यावर दक्षिणेकडून पैसा आणि माणसे मिळावीत म्हणून ही शेवटची उडी घेतली. ऑगस्टमध्ये लुइझियानाचा माजी सेनेटर पिएर सूले ग्रानादाला येऊन गेला होता, ही बाब हा पक्ष पुरावा म्हणून पुढे ठेवतो. दोन्ही पक्षांत वाद हेतूविषयी आहे. तारखेविषयी एकमत आहे. सप्टेंबरपूर्वीचा वॉकर सुधारक किंवा निदान साधा सत्ताकांक्षी सेनापती, आणि सप्टेंबरनंतरचा गुलामगिरीचा हस्तक, अशी ही विभागणी आहे.

या एकमताचा उगम शोधू गेल्यास तो वॉकरच्याच लेखणीत सापडतो. ‘निकाराग्वातील युद्ध’ हे त्याचे पुस्तक १८६० मध्ये मोबिल या दक्षिणेतील शहरात प्रसिद्ध झाले, त्या वेळी तो शेवटच्या स्वारीसाठी दक्षिणेतील धनिकांकडे हात पसरत होता, आणि सप्टेंबरच्या हुकूमनाम्यावरूनच आपल्या कारभाराची पारख व्हावी असे त्याने त्यात निक्षून लिहिले. गुलामगिरीचा कैवारी म्हणून ओळखले जाण्यात त्या वेळी त्याचा फायदा होता. त्याच्या टीकाकारांनी आणि चाहत्यांनी, एरवी त्याचा शब्द न मानणाऱ्यांनीसुद्धा, ही एक गोष्ट त्याच्या शब्दावर स्वीकारली. उलट त्याच पुस्तकात, फारसा गाजावाजा न करता आणि जवळजवळ प्रशासकीय अहवालाच्या भाषेत, जुलैतील काही हुकूमनाम्यांची माहिती येते. प्रचाराचा हेतू तेथे सर्वांत क्षीण आहे, म्हणून इतिहासकाराने अधिक भरवसा त्या पानांवर ठेवायला हवा.

शपथविधीनंतर दोन-चार दिवसांतच निघालेले हे हुकूमनामे असे होते. पहिल्याने सर्व कायदे इंग्रजी व स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत प्रसिद्ध व्हावेत आणि सार्वजनिक व्यवहारातील इंग्रजी दस्तांना स्पॅनिश दस्तांइतकीच ग्राह्यता असावी असे ठरवले. दुसऱ्याने जमिनीवरील सर्व हक्क, खरेदीखते आणि गहाणखते यांची सरकारी नोंदवहीत ठराविक मुदतीत नोंद करणे बंधनकारक केले. तिसऱ्याने प्रजासत्ताकाविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्यांची किंवा शत्रूला साहाय्य करणाऱ्यांची मालमत्ता जप्त करून ती विकण्यासाठी आयुक्तमंडळ नेमले. आणि चौथी तरतूद अशी की या विक्रीत किंमत म्हणून लष्करी वचनचिठ्ठ्या स्वीकारल्या जातील. या चिठ्ठ्या म्हणजे रोख पगार देता येत नसल्याने शासनाने सैनिकांच्या हाती ठेवलेली कागदी हमी.

हे चारही कागद सुटे वाचले तर त्यांत आक्षेपार्ह फारसे दिसत नाही. दोन भाषांचा कारभार पुष्कळ देशांत असतो. दस्तनोंदणी हे सुव्यवस्थित राज्याचे लक्षण मानले जाते. बंडखोरांची मालमत्ता जप्त करणे त्या काळच्या यादवीत नित्याचे होते. आणि सैनिकाचा थकलेला पगार चुकता करणे न्यायाचेच. एकत्र वाचले की ते एक यंत्र होतात. निकाराग्वात जमिनीचा हक्क वहिवाटीने, कुटुंबाच्या आणि गावाच्या स्मृतीने, मूळ वसाहतींच्या सामाईक मालकीने आणि कपाटात पडून असलेल्या जुन्या स्पॅनिश सनदांनी चालत आलेला होता. नोंदवहीची सवय तेथे कोणालाच नव्हती. देशात युद्ध पेटलेले, लेऑनमध्ये दुसरे शासन उभे राहिलेले, मालक परागंदा झालेले, अशा वेळी मुदतीत ग्रानादाला येऊन नोंद कोण करणार? जो करणार नाही त्याचा हक्क दुबळा होतो. जो विरोधी पक्षाकडे गेला त्याची जमीन जप्त होते. जप्त जमीन विक्रीला निघते तेव्हा घेणाऱ्याकडे वचनचिठ्ठ्या असतात, आणि चिठ्ठ्या असतात त्या बहुतांशी परदेशी सैनिकाकडे. आणि त्याचे खरेदीखत त्याच्या स्वतःच्या भाषेत लिहिले तरी चालते. या हुकूमनाम्यांचा रोख देशातील जमिनीचा मोठा भाग गोऱ्या वंशाच्या हाती देण्याकडे होता, आणि नोंदणीची सवय असलेल्यांना तिचा लाभ होणार होता, ही गोष्ट वॉकरने स्वतःच आडपडदा न ठेवता नमूद केली आहे.

महाराष्ट्राच्या वाचकाला हे यंत्र अपरिचित वाटू नये, कारण त्याच दशकात, १८५२ च्या कायद्याने अधिकार मिळालेल्या इनाम कमिशनने मुंबई इलाख्यात पिढ्यान्‌पिढ्यांच्या इनामदारांकडे सनदा मागायला सुरुवात केली होती आणि वहिवाटीच्या जोरावर उभा असलेला हक्क कागदाच्या एका मागणीने कसा ढासळतो याचा अनुभव दख्खनने घेतला होता. दोन्हींचे कर्ते आणि हेतू निराळे होते. साधन मात्र एकच होते, आणि ते बाळगायला तोफखाना लागत नाही.

आता सप्टेंबरचा हुकूमनामा या क्रमात ठेवून पाहावा. त्यात गुलामगिरी स्थापन होत असल्याचे सरळ विधान नव्हते. जुन्या संघराज्याच्या घटनासमितीने आणि काँग्रेसने केलेले जे कायदे निकाराग्वात तोवर लागू मानले जात होते ते सगळे एका कलमाने रद्द करण्यात आले, आणि त्या ढिगात १८२४ चा मुक्तीचा कायदाही गेला. तत्पूर्वी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात उपजीविकेचे दृश्य साधन नसणाऱ्यास भटका ठरवून सक्तीने कामाला लावणारा आणि मजुरीचे दीर्घ मुदतीचे करार मोडणाऱ्यास शिक्षा ठरवणारा, असे दोन हुकूमनामे निघाले होते. म्हणजे जुलैत जमीन मालकापासून सुटी करण्याची व्यवस्था झाली आणि सप्टेंबरात श्रम माणसापासून सुटे करण्याची. जमीन गमावलेला शेतकरी भटका ठरतो. भटका सक्तीचा मजूर होतो. आणि सक्तीचा मजूर व गुलाम यांच्यामधली कायद्याची भिंत २२ तारखेच्या कलमाने काढून टाकली जाते. दक्षिणेला खूश करणे हा हेतू त्यात होताच, सूलेचे वजनही असेल. पण तो हेतू नसता तरी जुलैच्या व्यवस्थेला कष्टकऱ्यांच्या प्रश्नाचे काहीतरी उत्तर शोधावेच लागले असते. सप्टेंबरला आरंभ मानणारे वाचन जुलैला निर्दोष ठरवते आणि गुलामगिरीचा उल्लेख नसलेली प्रत्येक खासगी स्वारी नुसते साहस म्हणून सोडून देते. म्हणूनच ही चूक तारखेपुरती राहत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो. हे हुकूमनामे प्रत्यक्षात फारसे अमलात आलेच नाहीत. १४ सप्टेंबरला सान हासिंतो येथे निकाराग्वी सैन्याने वॉकरच्या तुकडीला पिटाळले, शरदात मध्य अमेरिकेतील देशांच्या संयुक्त फौजा चालून आल्या, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वॉकरचा सेनानी हेनिंगसेन याने ग्रानादा शहर जाळून टाकले, आणि १ मे १८५७ रोजी रिवास गावात वॉकरने अमेरिकी नौदलाच्या डेव्हिस या अधिकाऱ्यापुढे शरणागती पत्करली. मग न चाललेल्या यंत्राला एवढे महत्त्व का द्यावे? उत्तर असे की येथे प्रश्न एका कल्पनेच्या वाढीचा आहे. खासगी स्वारी तोवर सोने, मानमरातब किंवा मायदेशात सामील होणे यांच्या आशेवर चालत होती. वॉकरच्या हाती ती प्रथमच नोंदवहीवर उभी राहिली, आणि युद्ध हरले तरी नोंदवहीची युक्ती हरत नाही. दुसरे असे की या हुकूमनाम्यांनी माणसे खेचली. नोव्हेंबर १८५५ मध्येच प्रत्येक प्रौढ वसाहतकऱ्याला २५० एकर जमीन देण्याची घोषणा झाली होती. वॉकरच्या झेंड्याखाली जी सुमारे अडीच हजार माणसे निकाराग्वात गेली त्यांतील बरीचशी जमिनीच्या आशेने गेलेली होती, आणि शेकडोंनी मेली. साहसवीर या एका शब्दात त्यांचीही फसवणूक बुजून जाते.

मध्य अमेरिकेने हा प्रसंग वेगळ्या रीतीने स्मरणात ठेवला. निकाराग्वात १४ सप्टेंबर हा राष्ट्रीय सण आहे आणि कोस्टा रिकात ११ एप्रिल. दोन्ही देशांच्या दृष्टीने तो परकी आक्रमणाविरुद्धचा लढा आहे, कोणा एका माणसाच्या स्वभावाची कथा नाही. अमेरिकेत मात्र वॉकरच्या मृत्यूने त्याला पुन्हा नायक केले. ऑगस्ट १८६० मध्ये त्याने होंडुरासमधील त्रुहियो घेतले, ‘इकॅरस’ या ब्रिटिश युद्धनौकेचा कप्तान नोवेल सॅमन याच्यापुढे त्याने शस्त्र ठेवले, सॅमनने त्याला होंडुरासच्या ताब्यात दिले आणि १२ सप्टेंबरला त्याला गोळ्या घालण्यात आल्या. हा सॅमन तीनच वर्षांपूर्वी लखनौच्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला अधिकारी होता. हिंदुस्थानातील उठाव मोडणारा साम्राज्याचा शिपाई खासगी स्वारी संपवतो, यावरून त्या किनाऱ्यावर न्याय कोणाच्या सोयीने होत होता ते कळते. १९०६ मध्ये रिचर्ड हार्डिंग डेव्हिस या लोकप्रिय पत्रकाराने खऱ्याखुऱ्या साहसी शिपायांची शब्दचित्रे प्रसिद्ध केली तेव्हा वॉकर तरुण विन्स्टन चर्चिलच्या पंगतीला जाऊन बसला, आणि आज जी प्रतिमा उद्धृत होते ती मुख्यतः तेथून आलेली आहे.

कायद्याची वाटचाल या प्रतिमेच्या आहारी गेली, ही त्याहून काळजीची बाब आहे. जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या पूरक प्रोटोकॉलमध्ये आणि १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात भाडोत्री सैनिकाची व्याख्या मुख्यतः त्याच्या वैयक्तिक लाभाच्या हेतूवर आणि मोबदल्यावर टेकलेली आहे. या व्याख्येत बॉइड सहज सापडतो. वॉकर अवघडच, कारण पैशासाठी तो गेल्याचे त्याच्या शत्रूंनीही फारसे म्हटले नाही. माणसाच्या मनातील हेतू तपासणारा कायदा त्याच्या हातातील दस्ताकडे पाहत नाही. कोणत्या करारावर सही झाली, जमीन, खाण किंवा वाहतुकीचा मक्ता कोणाच्या नावे होणार होता, कोणत्या शासनाने कोणत्या दिवशी मान्यता दिली, हे प्रश्न व्याख्येबाहेर राहतात. बायरन कोलचा दुसरा दस्त आजच्या सुरक्षा कंपन्यांचे करार लिहिणाऱ्या वकिलांना ओळखीचा वाटेल, कारण लढाई हा शब्द टाळून लढाईची तरतूद करणे ही त्याचीही कसोटी होती.

शासनाचा संबंध नाही, हे २०२० मध्ये ऐकू आलेले वाक्य मात्र १८५७ मध्येच तपासून झालेले आहे. नोव्हेंबर १८५७ मध्ये वॉकर दुसऱ्यांदा निकाराग्वाच्या किनाऱ्यावर, सान हुआन देल नोर्ते म्हणजे ग्रेटाउन बंदरासमोरच्या भूशिरावर उतरला, आणि डिसेंबरमध्ये अमेरिकी नौदलाचा कमोडोर हायराम पाउल्डिंग याने खलाशी उतरवून त्याला व त्याच्या माणसांना पकडून मायदेशी पाठवले. आपल्या वरिष्ठांना त्याने कळवले की ही माणसे लूट आणि खून यांसाठी देश सोडून निघालेले गुन्हेगार आहेत आणि याहून वेगळ्या दृष्टीने त्यांच्याकडे पाहणे आपल्याला शक्य नव्हते. या प्रकरणात साहसाचे आवरण बाजूला सारून कृत्याला त्याच्या नावाने हाक मारणारा हा एकटा सरकारी अधिकारी म्हणावा लागेल. अध्यक्ष ब्यूकॅनन याने काँग्रेसला सांगितले की पाउल्डिंगचा हेतू शुद्ध व देशभक्तीचा होता, परंतु परक्या भूमीवर अधिकाराविना कारवाई करून त्याने गंभीर चूक केली. त्याच वेळी या कृत्याबद्दल तक्रार करण्याचा हक्क फक्त निकाराग्वाला आहे आणि निकाराग्वाचा तर यात लाभच झाला, हेही त्यानेच मान्य केले. वॉकरवर पुढे खटला टिकला नाही, आणि पाउल्डिंगला मात्र ब्यूकॅननच्या कारकिर्दीत बाजूला बसावे लागले. निकाराग्वाने कृतज्ञतेने त्याला रत्नजडित तलवार दिली आणि जमीनही देऊ केली, पण ती जमीन स्वीकारण्यास अमेरिकेच्या सेनेटने त्याला संमती दिली नाही. आणि परक्या भूमीच्या मर्यादेविषयी ही दक्षता ज्या बंदरासमोर सुचली त्याच ग्रेटाउनवर जुलै १८५४ मध्ये ‘सायेन’ या अमेरिकी युद्धनौकेने वाहतूक कंपनीच्या व एका अमेरिकी राजदूताच्या तक्रारीवरून तोफा डागून गाव जाळले होते, त्या वेळी अध्यक्ष पिअर्स याने काँग्रेसपुढे त्या कारवाईचे समर्थन केले होते.